बातमीची वाट

वर्तमानपत्रात दूरदेशची बातमी वाचताना ती कोणत्या वाटेने आली, याचा विचार क्वचितच कोणी करतो. प्रत्येक पत्राला जगभर स्वतःचे बातमीदार ठेवणे परवडत नाही. म्हणून बातम्या गोळा करून त्या अनेक पत्रांना पुरविणाऱ्या संस्था निर्माण झाल्या. त्यांना वृत्तसंस्था म्हणतात.

१८५१ मध्ये पॉल ज्यूलियस रॉयटर याने लंडनमध्ये अशी संस्था काढली. १८७० मध्ये रॉयटर, पॅरिसची हावास व बर्लिनची वोल्फ या संस्थांनी करार करून जगाची आपसांत वाटणी केली. ब्रिटिश साम्राज्य रॉयटरच्या वाट्यास आले. त्याच वर्षी समुद्रातून टाकलेली तार मुंबईस पोहोचली. बातमी लवकर येऊ लागली खरी. परंतु मुंबईच्या वाचकाला इंग्लंडच्या डोळ्यांनी जग पाहावे लागे, आणि जगालाही हिंदुस्थान त्याच डोळ्यांनी दिसे.

बातमी खोटी नसली, तरी ती निवडणारा व शब्दांत मांडणारा वाचकाच्या मताला नकळत वळण लावतो. १८५७ च्या उठावास राज्यकर्ते ‘शिपायांचे बंड’ म्हणत. देशभक्त त्यासच ‘स्वातंत्र्यसमर’ म्हणत.

हे ओळखून एस. सदानंद यांनी ‘फ्री प्रेस ऑफ इंडिया’ ही स्वदेशी वृत्तसंस्था काढली. पण ती टिकली नाही. पुढे १९४७ मध्ये भारतीय वर्तमानपत्रांनी ‘प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया’ स्थापिली. १९४९ मध्ये तिने रॉयटरकडून देशातील बातम्यांचे काम आपल्या हाती घेतले आणि १९५३ मध्ये रॉयटरशी असलेली भागीदारीही संपविली. रॉयटरच्या बातम्या ती पुढेही घेत राहिली. मात्र भागीदार म्हणून नव्हे, तर ग्राहक म्हणून.

१९७६ मध्ये अलिप्त राष्ट्रांनी दिल्लीच्या परिषदेत परस्परांच्या बातम्यांची देवघेव करण्याची योजना संमत केली. परंतु त्या बातम्या बहुधा सरकारी संस्थांच्या असत. त्यामुळे वाचकांचा त्यांवर पुरेसा विश्वास बसला नाही. बातमी स्वदेशी असणे पुरेसे नाही, ती निर्भीड व खरीही असावी लागते, हा धडा त्यातून मिळाला.

आज उपग्रह व इंटरनेट यांमुळे परदेशची बातमी क्षणात घरी येते. तिला दार बंद करणे शक्य नाही आणि इष्टही नाही. मात्र ती कोणी पाठविली, कशासाठी पाठविली आणि दुसरीकडे तीच कशी सांगितली आहे, हे पडताळून पाहणे प्रत्येकाच्या हाती आहे. सुजाण वाचक हेच स्वतंत्र राष्ट्राचे खरे बळ होय.