आठवणीचा भार मोबाइलवर

मेंदूला इजा झालेला माणूस पूर्वीसारखा चालू-बोलू लागला की तो बरा झाला, असे घरचे लोक धरून चालतात. मात्र ठरलेले काम ठरलेल्या वेळी आपोआप आठवणे, ज्याला मानसशास्त्रात भविष्यलक्ष्यी स्मृती म्हणतात, ते पुष्कळदा परत येत नाही. अपघातानंतर दिलेली फिटची गोळी चुकली तर पुन्हा फिट येण्याचा धोका असतो, त्यामुळे हा विसरभोळेपणा केवळ गैरसोयीचा नसतो.

या विसरण्यावर यंत्राचा उपाय चालतो, त्याचे कारण स्मृतीच्या रचनेत आहे. अपस्मारावरील शस्त्रक्रियेत १९५३ साली हेन्री मोलायसन या अमेरिकी रुग्णाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या घटना साठवण्यासाठी आवश्यक असलेला भाग, दोन्ही बाजूंनी बराचसा काढला गेला. त्याला नवे काही लक्षात राहीनासे झाले; तरीही आरशात पाहून आकृती गिरवण्यात त्याचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला, हे ब्रेंडा मिल्नर यांनी दाखवले. हाताची सवय वेगळ्या वाटेने टिकते. बुऱ्हाणपुरात यंत्रमागावर उमेदीची वर्षे घालवलेल्या आणि आता स्मृती गमावलेल्या कारागिराला सकाळी काय खाल्ले ते सांगता येणार नाही, पण तुटलेला धागा त्याची बोटे बिनचूक सांधतील, ती याच स्मृतीच्या बळावर. आणि मोबाइल वापरण्याची सवयही तिच्याच आधारे लावता येते.

अमेरिकेतील अभियंता लॅरी ट्रेडगोल्ड यांनी मुलाच्या डोक्याला इजा झाल्यानंतर मानसशास्त्रज्ञ नील हर्श यांच्यासह न्यूरोपेज ही पेजरवर आधारित योजना तयार केली. इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन आणि सहकाऱ्यांनी १४३ जणांवर तिची चाचणी घेतली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, चाचणी पूर्ण करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोकांची रोजची कामे पेजरमुळे लक्षणीय प्रमाणात वेळेवर होऊ लागली.

आज पेजरची जागा खिशातल्या मोबाइलने घेतली आहे, तथापि गजर लावून दिला म्हणजे काम झाले असे होत नाही. नुसता वाजणारा गजर बंद केला जातो आणि तो कशासाठी होता हेच विसरले जाते. म्हणून ‘फिटची पांढरी गोळी आत्ता घ्या, डबा फ्रिजवर आहे’ असा पूर्ण निरोप, घरच्याच आवाजात आणि घरच्याच बोलीत, असावा. बाजारात हिंदी आणि घरात मराठी चालणाऱ्या बुऱ्हाणपुरी कुटुंबाने याचा विचार अवश्य करावा. गोळी घेतल्याशिवाय गजर बंद करायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

शिकवताना ‘आठवून बघा, कुठले बटण?’ असे विचारू नये. अंदाजाने दाबलेले चुकीचे बटण हाताच्या सवयीत राहते, मात्र ती चूक होती हे रुग्णाला आठवत नाही, त्यामुळे तीच चूक पक्की होते. प्रत्येक पायरी आधी दाखवून मगच करून घ्यावी आणि मदत हळूहळू कमी करावी. बॅडली आणि विल्सन यांनी १९९४ साली या पद्धतीचा फायदा दाखवून दिला.

यंत्र केव्हा काढून घ्यावे, याचे उत्तर मात्र सर्वांना सारखे नाही. पेजर परत घेतल्यावर डोक्याला मार लागलेल्यांची लागलेली घडी बरीचशी टिकली, पक्षाघाताच्या रुग्णांची मात्र विस्कटली, असे त्याच चाचणीच्या पुढील विश्लेषणात आढळले. म्हणून एका वेळी एकच गजर कमी करावा, आठवडाभर चुका मोजाव्यात आणि औषधाचा गजर सर्वांत शेवटी, तोही डॉक्टरांना विचारूनच बंद करावा.