पाणी कधी भरायचं?

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली परवा ही नोटीस लागली:

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की, इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीच्या स्वच्छतेचे काम येत्या रविवारी हाती घेण्यात येणार असल्याने सदर दिवशी सकाळी ९ ते दुपारी २ या वेळेत पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार असून तत्पूर्वी सभासदांनी आवश्यक तो पाणीसाठा करून ठेवण्याबाबत दक्षता घ्यावी."

वाक्य एक, शब्द ४०. शेजारच्या आजींनी ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "म्हणजे पाणी कधी भरायचं रे?" अक्षर ठळक होतं, चष्मा डोळ्यांवर होता. गुंता वाक्यातच होता. तो एकेक पदर करून सोडवू.

आधी क्रियापद पाहा. मराठीत ते बहुधा शेवटी येतं. तोवर कोण, काय, कधी, कशासाठी हे सगळं वाचणाऱ्याला मनात धरून ठेवावं लागतं. इथे 'असल्याने' आणि 'असून' यांनी तीन वाक्यं एकमेकांना बांधली आहेत. असे सांधे दिसले की तिथे पूर्णविराम देता येतो का, हे तपासावं.

मग कर्ता शोधा. 'हाती घेण्यात येणार', 'बंद ठेवण्यात येणार', पण कोणाकडून? 'संस्था' हा शब्द लिहिला की क्रियापदही आखडतं.

तिसरा पदर नामांचा. 'पाणीसाठा करून ठेवण्याबाबत दक्षता घ्यावी' म्हणजे 'पाणी भरून ठेवा'. 'स्वच्छतेचे काम हाती घेणे' म्हणजे 'धुणे'. असं लिहिल्याने मान कमी होत नाही; 'ठेवा' या रूपात आदर आहेच.

शेवटी क्रम. वाचणाऱ्याला जे आधी हवं ते आधी, कारण नंतर. 'येत्या रविवारी'ऐवजी तारीख घालावी, कारण नोटीस फळ्यावर पुढच्या आठवड्यातही राहते. आता वाचा:

"रविवारी, १२ मे रोजी सकाळी ९ ते दुपारी २ पाणी येणार नाही. संस्था गच्चीवरची टाकी धुऊन घेणार आहे. शनिवारी रात्रीच पाणी भरून ठेवा."

शब्द २३, आणि माहिती उलट वाढली.

शब्दांइतकीच डोळ्यांचीही सोय हवी. जुन्या मोडी कागदांत आधी शिरोरेघ ओढून अक्षरं सलग लिहीत. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्यानेच ओळखायचं. विरामचिन्हं मराठीत रुजली ती १९व्या शतकात, मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांतून. स्वल्पविराम, पूर्णविराम, परिच्छेद या वाचणाऱ्याला मिळालेल्या विसाव्याच्या जागा आहेत. त्या भरून टाकू नयेत. देवनागरीत मात्रा वर जातात, उकार खाली येतात. म्हणून ओळींमध्ये पुरेशी जागा सोडावी, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीला जाऊन भिडतो.

एवढं झालं की मजकूर मोठ्याने वाचावा. जिथे दम लागतो, तिथे वाक्य तोडावं. मग तो दुसऱ्या कुणाला एकदाच ऐकवून विचारावं, "मग काय करायचं?" आजींनी नवी नोटीस ऐकली आणि म्हणाल्या, "शनिवारी रात्री पिंप भरायचं." मजकूर तयार झाला.