सहकुटुंब वाद्यवृंद

गुलमंडी ही छत्रपति संभाजीनगरची जुनी बाजारपेठ. पैठण गेटाकडून सिटी चौकाकडे निघालेला मनुष्य येथें कापडाच्या दुकानाशीं थांबतो, सुपारी हनुमानाला हात जोडतो आणि रस्त्यावरचे फलकहि वाचतो. त्या फलकांत चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदाची जाहिरात दिसली, कीं आसपासच्या एकत्र कुटुंबांत एक जुना प्रश्न नव्यानें निघतो: जावयाचें कोणीं, आणि घरीं राहावयाचें कोणीं?

प्रथम वडीलधाऱ्या मंडळींच्या एका शंकेचा विचार करूं. ‘गाणीं घरबसल्या ऐकावयास मिळतात, मग पैसे मोडून उस्मानपुऱ्यांतील संत एकनाथ रंगमंदिरापर्यंत कशाला जावें?’ शंका अगदींच पोकळ नाहीं. पण तिचें उत्तर बोलपटाच्या इतिहासांतच आहे. ता. १४ मार्च १९३१ रोजीं ‘आलम आरा’ मुंबईस लागला, आणि पुढच्याच वर्षीं प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. त्या काळीं नट कॅमेऱ्यासमोर स्वतः गात, आणि वादक चित्रांत दिसणार नाहींत असे जवळपास बसत. १९३५ पासून पार्श्वगायनाची प्रथा पडत गेली, आणि गाणाराहि दिसेनासा झाला. संगीत घरोघर पोंचलें. तें निर्माण करणारे हात मात्र दृष्टीआड झाले. ते हात पुन्हां आपल्यासमोर आणून बसविणें, हें वाद्यवृंदाचें खरें कार्य.

त्या हातांची योग्यता थोडी नव्हे. गोव्यांतील माजोर्डें गांवचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रसृष्टींत व्हायोलिन वाजवीत व वाद्यमेळाची रचना लिहून देत. १९५८ सालीं सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारांत त्यांनीं शंभरांहून अधिक वादकांचा वृंद उभा केला. त्यांत लता मंगेशकर व मन्ना डे गायले. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. पुढें १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यांत गुरूंचें नांव आलें. नांव सर्वांच्या तोंडीं झालें. पण त्या नांवाचा एक वादक होता, हें थोड्यांनाच ठाऊक!

गेल्या हिवाळ्यांत आमच्या घरीं वरील प्रश्न निघाला, तेव्हां असें ध्यानांत आलें, कीं आमच्या काकूंनीं असा एकहि कार्यक्रम पाहिलेला नाहीं. आजोबांचें औषध रात्रीं नऊला. तें देणें काकूंकडे. म्हणून काकू घरीं. वर्षानुवर्षें ही व्यवस्था कोणाला खटकलीच नव्हती. या खेपेस थोरल्या पुतण्यानें औषधाचा डबा आपल्याकडे घेतला आणि म्हटलें, “काकू, आज तुम्हीं जा.” त्या प्रथम नाहीं म्हणाल्या, नंतर लुगडें बदलून आल्या. कार्यक्रमांत त्यांची दृष्टि गायिकेवर फारशी नव्हती. ती मागच्या रांगेंतील व्हायोलिनवाल्यावर व ढोलकीवाल्यावर खिळली होती. परततांना त्या एवढेंच म्हणाल्या, “गाणें मला पाठ होतें, त्यामागें इतकीं माणसें राबतात, हें नव्हतें ठाऊक.” बारा माणसांच्या स्वयंपाकामागें कोण राबतें, हें ज्यांना विचारावें लागत नाहीं, त्यांच्याच तोंडीं हें वाक्य शोभतें.

आतां या व्यवसायावरील संकटाविषयीं. अलीकडे कांहीं ठिकाणीं साथीचें संगीत आधींच मुद्रित करून आणतात. गायक तेवढा जिवंत, बाकी सारें यंत्र. येथें विद्युत् वाद्यांना नांवें ठेवण्याचा हेतु नाहीं. १९५४ च्या ‘नागीन’मधील पुंगीचा आवाज कल्याणजींनीं क्लॅव्हायोलिन या पट्ट्यांच्या विद्युत् वाद्यावरच काढला होता, आणि ‘कल्याणजी वीरजी आणि मंडळी’ या नांवानें ते वाद्यवृंदाचे कार्यक्रमहि करीत. वाद्य कोणतेंहि असो, तें वाजविणारा मनुष्य समोर पाहिजे. गायिकेनें एखादी तान लांबविली, तर तबलजी तिच्यासाठीं थांबतो. मुद्रित साथ थांबत नाहीं. शिवाय त्या मुद्रणानें आठ-दहा वादकांचें त्या रात्रीचें मानधन बुडतें, तें वेगळेंच.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, तिकीट काढण्यापूर्वीं वादक प्रत्यक्ष वाजविणार आहेत कीं नाहीं, याची चौकशी करावी. आणि फुकट पासाची वाट न पाहतां तिकीट विकत घ्यावें. दुसरी, लहान मुलें बरोबर असतील तर वेळ पाहून बेत करावा. उघड्यावरील ध्वनिक्षेपकास २००० सालच्या नियमांनीं रात्रीं दहानंतर बंदी आहे. राज्य सरकारला वर्षांतून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देतां येते. तेव्हां मोकळ्या मैदानावरचा कार्यक्रम लवकर सुरू होणाराच निवडावा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: घरीं राहण्याची पाळी लावावी. आजाऱ्याची सेवा हें सर्व घराचें कर्तव्य आहे. तें एकाच बाईच्या पदरीं कायमचें बांधून बाकीच्यांनीं ‘सहकुटुंब’ जाणें, हें त्या शब्दाला शोभत नाहीं. पाळीचा कागद स्वयंपाकघराच्या दाराशीं लावावा, आणि त्यावर पुरुषांचीं नांवें आधीं लिहावीं.