ट्रकच्या इंजिनात कोणते ऑइल घालावे?

आपल्या नरडाण्याजवळून मुंबई-आग्रा रस्ता जातो. त्यावर रात्रंदिवस ट्रक चालू असतात. आपल्या गावातले कितीतरी लोक ट्रकवर ड्रायव्हर, क्लीनर आहेत नाहीतर गॅरेजात काम करतात. ट्रकला डिझेल लागते हे सर्वांनाच माहीत आहे. पण इंजिनला ऑइल पण लागते. डिझेल जळून संपते. ऑइल मात्र जळायचे नसते, ते इंजिनच्या आत फिरत राहते. मोटारसायकलला ते एक लिटरच्या आसपास लागते, मोठ्या ट्रकला पंधरा-वीस लिटर किंवा जास्तही लागते. हे ऑइल चुकीचे घातले तर इंजिन जाम होते. मग गाडी उभी, भाडे बंद आणि कर्जाचा हप्ता मात्र चालू. म्हणून मी गॅरेजातल्या मेस्त्रींना विचारून आणि डब्यांवरचे वाचून ही माहिती लिहिली आहे.

ऑइल काय काम करते?

बैलगाडीच्या आसाला वंगण घातले नाही तर चाक कुरकुरते आणि आस झिजतो. इंजिनचे पण तसेच आहे. इंजिनात पिस्टन खालीवर होतात आणि क्रँक मिनिटाला हजार-दोन हजार फेरे मारतो. लोखंडाला लोखंड घासू नये म्हणून मध्ये ऑइलचा पातळ थर लागतो. ऑइल आतली उष्णता पण वाहून नेते. डिझेल जळाल्यावर काजळी होते, ती ऑइल धुऊन आपल्यात धरून ठेवते. म्हणून डिझेल इंजिनात नवे ऑइल घातले तरी थोड्याच दिवसांत काळे होते. काळे झाले म्हणजे ते नकली आहे असे समजू नये. ते आपले काम करीत आहे.

घट्ट चांगले की पातळ?

थंडीत खोबरेल तेल थिजते आणि उन्हात पाण्यासारखे होते. इंजिनचे ऑइल पण थंड असताना घट्ट व गरम झाल्यावर पातळ होते. पहाटे ड्रायव्हर सेल्फ मारतो तेव्हा ऑइल फार घट्ट असेल तर ते वरच्या भागांपर्यंत लवकर पोहोचत नाही. तेवढा वेळ इंजिन जवळजवळ कोरडे चालते आणि झिजते. मग गाडी सावळद्याला तापीचा पूल ओलांडून शिरपूरवरून पळासनेरच्या पुढे बिजासन घाट चढू लागते. गाडीत पूर्ण माल, वरून उन्हाळा. आता ऑइल खूप तापते. ते फार पातळ झाले तर मधला थर तुटतो आणि लोखंड लोखंडाला घासते. म्हणून ऑइल सकाळी वाहणारे पाहिजे आणि घाटात टिकणारे पण पाहिजे.

डब्यावरचे आकडे

ट्रकच्या ऑइलच्या डब्यावर बहुतेक १५डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. डब्ल्यू म्हणजे विंटर, म्हणजे हिवाळा. १५डब्ल्यू हा थंडीतला क्रमांक आणि ४० हा गरम असतानाचा क्रमांक. पुष्कळ लोकांना वाटते की ४० म्हणजे ४० अंश ऊन. तसं नाही. ऑइल १०० अंशापर्यंत तापवून ते किती घट्ट राहते ते पाहतात आणि त्यावरून हा क्रमांक देतात. आकडा मोठा तितके ऑइल घट्ट. २०डब्ल्यू-५० हे १५डब्ल्यू-४० पेक्षा घट्ट असते. नुसते ४० लिहिलेले ऑइल पण मिळते. ते थंडीत जास्त घट्ट होते.

दुसरी गोष्ट म्हणजे अक्षरे. सी.एच.-४, सी.आय.-४, सी.के.-४ अशी ती असतात. पहिले अक्षर सी असेल तर ऑइल डिझेल इंजिनचे, एस असेल तर पेट्रोलचे. काही डब्यांवर दोन्ही असतात. सीच्या पुढचे अक्षर जितके पुढचे तितके ऑइल नव्या इंजिनसाठी केलेले. सी.आय.-४ हे २००२ साली आले आणि सी.के.-४ हे २०१६ साली आले.

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात बी.एस.-६ गाड्या आल्या. त्यांच्या ट्रकला सायलेन्सरच्या बाजूला धुराची गाळणी असते. त्या गाळणीत काजळी जळून जाते, पण ऑइलमधली राख जळत नाही. ती चुलीतल्या राखेसारखी साठते आणि गाळणी बुजते. म्हणून बी.एस.-६ ट्रकला कमी राखेचे ऑइलच लागते. जुन्या गाडीचे उरलेले ऑइल त्यात ओतू नये.

ऑइल कसे बनवतात?

मुंबईला माहूल येथे हिंदुस्थान पेट्रोलियमचा कारखाना आहे. तिथे कच्च्या तेलातून वंगणाचे मूळ तेल काढतात. डब्यातल्या ऑइलमध्ये शंभर भागांत साधारण पंचाहत्तर ते पंच्याऐंशी भाग मूळ तेल असते. बाकीचे औषध. मोठ्या टाकीत तेल गरम करून ते ढवळतात आणि त्यात औषधे मोजून टाकतात. एक औषध काजळी धुते. एक फेस होऊ देत नाही. एक झीज कमी करते. एक फार गमतीचे आहे. त्याचे कण थंडीत गोधडीत मुटकुळे करून झोपलेल्या पोरांसारखे गोळा होतात आणि गरम झाल्यावर हातपाय पसरतात. म्हणून तापल्यावर पण ऑइल फार पातळ होत नाही. मसाला करताना आई जशी मिरची-धणे मोजून घेते, तसेच हे मिश्रण असते.

आपण मिसळावे का?

गॅरेजात काहीजण इंजिनचा आवाज कमी व्हावा म्हणून इंजिनच्या ऑइलमध्ये ९० नंबरचे गिअर ऑइल घालतात. त्यांना वाटते, ९० म्हणजे ४० च्या दुपटीपेक्षा घट्ट. पण गिअर ऑइलचे आकडे वेगळ्या मापाचे आहेत. ९० नंबरचे गिअर ऑइल इंजिनच्या ४०-५० नंबरच्या आसपासच असते. म्हणजे घट्टपणा तर फारसा वाढत नाही. वरून गिअरच्या दातांसाठी त्यात गंधकाचे औषध असते. ते इंजिनच्या बेरिंगला सोसत नाही.

घट्ट आणि पातळ ऑइल निम्मे-निम्मे मिसळले तर बरोबर मधले होत नाही. मिश्रण पातळाकडे झुकते. रॉकेल किंवा डिझेल घालून ऑइल पातळ करणे तर फारच वाईट, कारण मग थरच टिकत नाही.

दोन कंपन्यांचे ऑइल मिसळले की दुधासारखे फाटते असे काहीजण म्हणतात. चांगल्या कंपन्यांचे फाटत नाही. रस्त्यात ऑइल कमी झाले आणि आपल्या कंपनीचे मिळाले नाही, तर तेच आकडे व तीच अक्षरे असलेले दुसरे थोडे घालून गाडी घरी आणता येते. ऑइल मुळीच नसण्यापेक्षा ते बरे. पण रोजची सवय करू नये, कारण दोघांचा मसाला वेगळा असतो.

लक्षात ठेवा

१) गाडीच्या पुस्तकात जे आकडे आणि अक्षरे लिहिली आहेत तेच ऑइल घ्यावे. पुस्तक हरवले असेल तर कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांना विचारावे.

२) सीलबंद डबा घ्यावा आणि पावती घ्यावी. जुने काळे ऑइल गाळून नव्या डब्यात भरून विकणारे असतात. म्हणून रिकामा डबा भोक पाडून मगच टाकावा.

३) गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर थोडे थांबून ऑइलची पट्टी पाहावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. जास्त भरले तर क्रँक त्यात आपटून फेस होतो. फेसाचे वंगण होत नाही.

४) ऑइलचा लाल दिवा गाडी चालताना लागला तर लगेच इंजिन बंद करावे. "पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ" असे म्हणू नये.

५) ऑइल बदलताना ऑइलची गाळणी पण बदलावी.

६) काढलेले काळे ऑइल नाल्यात किंवा मातीत ओतू नये. २०१६ च्या सरकारी नियमांत ते घातक कचऱ्यात धरले आहे. आपल्या नाल्याचे पाणी शेवटी तापीला मिळते आणि तिचे पाणी माणसे व गुरे पितात. ते ऑइल डब्यात साठवून परवाना असलेल्या कारखान्याकडे द्यावे. तिथे ते शुद्ध करून पुन्हा मूळ तेल करतात.

पालकांनो, तुमच्या ट्रॅक्टरला आणि शेतातल्या डिझेल इंजिनला पण हे लागू आहे. दुकानात गेल्यावर नुसते "ऑइल द्या" म्हणू नका. आकडे आणि अक्षरे चिठ्ठीवर लिहून न्या. लिहिता येत नसेल तर आम्हाला सांगा, आम्ही लिहून देऊ.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी