साक्षीदार न तपासताच निकाल?

चित्रपट काढण्याआधीच तो किती गल्ला जमवेल, हे सांगणारी यंत्रे आता आली आहेत. अमेरिकेतील वॉर्नर ब्रदर्स या बड्या कंपनीने २०२० साली सिनेलिटिक या कंपनीशी त्यासाठी करार केला. नट कोण, विषय कोणता, खर्च किती, ही माहिती भरायची. जुन्या चित्रपटांच्या कमाईशी ताडून यंत्र आकडा काढते. आपल्याकडे निर्माते आणि वितरक हेच काम वर्षानुवर्षे तोंडी करीत आले. 'विषय चांगला आहे हो, पण चालणार नाही!' हे वाक्य आपल्या किती लेखक-कलावंतांनी ऐकले असेल?

पैसा घालणाऱ्याने हिशेब जरूर करावा. पण आम्ही वकील आहोत. आम्ही पुरावा विचारणार. या हिशेबाचा पुरावा म्हणजे जुन्या चित्रपटांची कमाई. त्या चित्रपटांत आपला माणूस नायक किती वेळा होता? जो पडद्यावर आलाच नाही, त्याच्या नावापुढे वहीत शून्यच दिसणार. हे शून्य म्हणजे नापासाचा शेरा नव्हे. परीक्षाच घेतलेली नाही!

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी लागला. नायक-नायिका नवखे, नायिका अकलूजची शाळकरी मुलगी, बोली करमाळ्याकडची, शेवट थरकाप उडवणारा. सुमारे ४ कोटींत झालेला हा चित्रपट १०० कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. अजय-अतुल यांच्या संगीताचे बळ कोणत्याही हिशेबनिसाला आधीच दिसले असते. पण पाटलाची मुलगी आणि मासेमाराचा मुलगा यांच्यातली जात न लपवताही गल्ला भरतो, हे कोणत्या वहीत लिहिले होते? पुढे २०१८ साली हिंदीत 'धडक' काढताना जातीचा दाह मात्र पातळ केला गेला. यश उचलले, विषय गाळला!

एका 'सैराट'ने असा प्रत्येक चित्रपट चालेल, हे सिद्ध होत नाही. पण 'असे चित्रपट चालतच नाहीत' हा दावा खोटा पाडायला एकच साक्षीदार पुरतो.

डॉ. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' सरकारी पैशातून झाला. मामुट्टींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरीही तमिळ आवृत्ती चित्रपटगृहात यायला २०१० साल उजाडले. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेले. प्रेक्षक नव्हता की प्रेक्षकापर्यंत कोणाला जायचे नव्हते?

६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून परतून आमच्या शहाड स्टेशनवर उतरणाऱ्यांच्या पिशव्या पाहा. दिवसभराच्या रांगेनंतरही त्यांत पुस्तके असतात. रोजंदारी बुडवून पुस्तक विकत घेणारा हा ग्राहक कोणत्या यंत्रात नोंदला आहे?

म्हणून मागणी स्पष्ट असावी. सरकारी पैशातून चित्रपट निवडताना गल्ल्याचा अंदाज हा दाराचा अडसर होता कामा नये. ज्यांना बाजाराने संधीच दिली नाही, त्यांच्यासाठीच तर सार्वजनिक पैसा असतो.

जबाबदारी आपलीही आहे. आपल्या माणसाचा चित्रपट मोबाईलवर फुकटात आलेली चोरीची प्रत म्हणून पाहिला, तर आपण प्रेक्षक म्हणून कुठेच नोंदले जात नाही. पहिल्या आठवड्यात कुटुंबासह तिकीट काढा. ते तिकीट हाच दप्तरी दाखल होणारा पुरावा आहे. पुढचा अंदाज बांधताना तो कोणालाही नाकारता येणार नाही.