‘मोल्सवर्थ’ या आडनावाची व्युत्पत्ती व लेखनभेद

१८३१ साली प्रसिद्ध झालेल्या मराठी-इंग्रजी कोशामुळे जेम्स टॉमस मोल्सवर्थ (१७९५-१८७१) हे नाव मराठीच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. या आडनावाचे पूर्वपद मराठी ‘मोल’ आणि उत्तरपद त्याचाच इंग्रजी पर्याय ‘वर्थ’, असे सहज वाटावे. कोशकारास शोभेसा हा योगायोग खरा. परंतु व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्यास काडीचेही महत्त्व नाही.

हे आडनाव ग्रामनामावरून आले आहे. मोल्सवर्थ हे गाव पूर्वी हंटिंग्डनशर परगण्यात होते. १९७४ पासून तो प्रदेश केंब्रिजशरमध्ये मोडतो. १०८६ च्या ‘डूम्सडे’ पाहणीत त्याची नोंद ‘मोलेसवोर्दे’ अशी आढळते. प्राचीन इंग्रजीत ‘वोर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली वस्ती. पूर्वपदात ‘मूल’ हे व्यक्तिनाम असून मधला सकार षष्ठीचा आहे; म्हणजे ‘मूलाची वस्ती’. मूळ उकाराच्या जागी ओकार आला तो नॉर्मन लेखनपद्धतीमुळे. त्या काळच्या लिपीत ‘एम’, ‘एन’, ‘यू’ ही अक्षरे सारख्याच उभ्या रेघांनी काढीत. ती शेजारी आली की वाचणाऱ्याचा गोंधळ होई, म्हणून लेखनिक अशा ठिकाणी ‘यू’ऐवजी ‘ओ’ लिहीत. ‘सन’ (मुलगा) आणि ‘कम’ या इंग्रजी शब्दांत लेखनात ओकार व उच्चारात अकार दिसतो, त्याचे मूळ याच प्रघातात आहे. ‘मोल्सवर्थ’मध्ये मात्र पुढे उच्चारही लेखनामागून गेला.

आपल्याकडील ‘कर’प्रत्ययान्त आडनावांशी याची तुलना सुचते, पण ती मर्यादितच होय. ‘कर’ हा ग्रामनामास बाहेरून जोडलेला प्रत्यय आहे, तर ‘वर्थ’ हा ग्रामनामाचाच अवयव आहे.

चेशरमधील ‘मोल्ड्सवर्थ’ गावाचे नाव ऐकण्यात जवळचे असले तरी त्याचे पूर्वपद टेकडीवाचक आहे. तेव्हा केवळ लेखनसाम्यावरून दोन घराणी एक मानणे धोक्याचे ठरते; नोंद कोणत्या परगण्यातील, हे आधी पाहावे लागते.

मराठी लोकांनी कोशकारांस ‘मोलेसरशास्त्री’ म्हटले. यातील ‘ले’चा एकार इंग्रजीत लिहिला जातो, पण उच्चारला जात नाही, उलट लेखनातील ‘वर्थ’चे येथे नुसते ‘र’ उरले आहे. एकाच रूपात पूर्वार्ध डोळ्याने घेतलेला व उत्तरार्ध कानाने घेतलेला, असे दिसते.