कुंपणाचा झटका मंदावतो तेव्हा

सौर कुंपणाचा झटका तारेतून जनावराच्या अंगात, तेथून जमिनीत आणि भूसंपर्क सळईमार्गे यंत्राकडे परततो. ओमतीत वास्तव्य व जबलपूर परिसरात शेती असणाऱ्या खातेदारांनी म्हणूनच उन्हाळ्यात सळईभोवतीची माती ओली राखावी. कोरड्या जमिनीत परतीची वाट अडते. पावसाळ्यात तारेला टेकलेले गवत व तडकलेले इन्सुलेटर झटका गिळतात.

दोष शोधताना यंत्र बंद करून तार सोडवावी. पुन्हा चालू करून कुंपणाच्या खास व्होल्टमीटरने दाब मोजावा. तो पुरेसा असल्यास दोष तारेत वा भूसंपर्कात. नसल्यास बॅटरी व सौर पॅनेल तपासावे.

घरगुती २३० व्होल्टची वीज तारेत कदापि सोडू नये. यंत्राचा झटका साधारणतः सेकंदाला एकदा, क्षणमात्र येतो व जनावर मागे सरते. घरगुती प्रवाह अखंड असतो. तो माणसाचाही जीव घेतो.